गाठीच्या मानेचा तुंबा

आंद्राहालच्या डोंगरावर शनिवारी जन्मलेली पोर म्हणजे सनेई. वार सात आणि घरं पुष्कळ, त्यामुळे एक हाक मारली की तीन दारांतून तीन सनेई बाहेर येत. मग गावानं प्रत्येकीच्या नावाला एक शेपूट जोडून दिलं होतं. एक ओढ्याकाठची सनेई, एक लंगड्या बैलाची सनेई, आणि एक तुंब्यांची सनेई. ही गोष्ट तिसरीची.

तसे वाळल्या भोपळ्याचे तुंबे सगळ्यांच्याच घरी होते. पाणी तुंब्यात, बियाणं तुंब्यात, मीठ तुंब्यात, शेतावर न्यायची नाचणीची पेज तुंब्यात. ती पेज वाढायचा डावसुद्धा उभा चिरलेला छोटा तुंबाच. सल्पाच्या झाडाचा ताडीसारखा रस भरलेला तुंबा खांद्याला न अडकवता एखादा पुरुष रस्त्यानं निघाला, तर लोक त्याला थांबवून विचारत, की बाबा, आजारी आहेस की बायकोशी बिनसलंय? पण बाकीच्यांच्या मांडवावर वेलाच्या मनाला येईल तसा भोपळा धरायचा; फुगला तर फुगला, वाकला तर वाकला. सनेईच्या मांडवावर मात्र वेलाला सनेईच्या मनासारखं वागावं लागे.

फूल गळून कोवळी मान दिसू लागली, की ती केरंगच्या झुडपाच्या सालीचा मऊ दोर त्या मानेला सैलसा बांधून ठेवायची. मग रोज भर दुपारी मांडवाखाली जायची. उन्हानं फळ जरा मलूल झालेलं असतं, तेवढ्या वेळात ते हाताचं ऐकतं. सकाळी वळवायला जाल तर कट्‌कन मोडेल. सनेई बोटांनी मान केसभर वाकवायची, दोर तेवढाच आवळायची आणि परत घरी. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. दिवाळीच्या सुमाराला बगळ्यासारख्या मानेचे, अर्धचंद्रासारख्या वाकाचे, पोरीनं कमरेवर हात ठेवावा तशा दांडीचे तुंबे तिच्या मांडवावर लटकलेले असत. ते सुकवायचे, कुजवायचे, बिया आणि गर खडे घालून खळखळ हलवून काढायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलून आतला कडूपणा घालवायचा, आणि मग चुलीवर टांगून धुरात पिकवायचं. एवढं झालं की तापल्या सुरीनं पोटावर नक्षी डागायची. त्या दिवशी सनेई कुणाशी बोलत नसे.

तिचा नवरा लछिम तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. या डोंगरावर नवरा लहानच असतो, त्यात कुणाला नवल नाही. लग्नात तो तिच्या खांद्याला लागत होता. गावातल्या बायका हसून म्हणत, की सनेईनं दोनच गोष्टी मनासारख्या वाढवल्या, एक तुंबे आणि दुसरा नवरा. लछिमला याचा राग येत नसे. तो आपला रसाचा घोट घेऊन म्हणायचा, "फरक आहे. तुंब्याला ती फक्त दुपारीच वळवते."

तर अशा या सनेईच्या मुलाला, बुद्राला, दुमरीपाड्याची सोमरी आवडली. सोमरीलाही तो आवडला. पोरींच्या झोपडीत रात्री गाणी म्हणायला पोरं जात, तिथं त्यानं तिला पितळेचं कडं देऊ केलं आणि तिनं ते ठेवून घेतलं. दोन्ही हात कोपरापर्यंत कड्यांनी भरलेले. त्यात एक कडं जास्त झालं ते तिच्या आईच्या लक्षात आलं नाही. पोरगा राजी, पोरगी राजी. आता राहिली होती सोमरीची आई, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

कारण सोमरीची आई म्हणजे बुदेई.

बुदेई आणि सनेई एकाच गावच्या लेकी. लहानपणी एकाच झोपडीत झोपल्या, एकाच ओढ्यात खेकडे पकडले, एकमेकींच्या मण्यांच्या माळा तोडल्या. पुढं एक आंद्राहालला पडली, एक दुमरीपाड्याला. सोमरी लहान असतानाच बुदेईचा नवरा गेला. दोघीच मायलेकी आणि डोंगरउतारावरचं शेत. सोमरी खणायची, पेरायची, राखायची, कांडायची. तिला मागणी घालायला आधी तीन घरची माणसं येऊन गेली होती.

मागणीची रीत साधी. मुलाकडचे रसानं भरलेला तुंबा घेऊन येतात, मुलीच्या दारच्या खांबाला टांगतात आणि गप्प बसतात. मुलीच्या आईनं तुंबा उतरवून एक घोट घेतला, की शब्द दिला. सूर्य कलेपर्यंत तुंबा तसाच राहिला, की तो खांद्यावर टाकून आल्या वाटेनं घरी. भांडण नाही, कारणं नाहीत. आणि तुंबा फुटला तर मात्र दोन घरांनी पुढं एकमेकांच्या शेकोटीलाही बसायचं नाही.

बुदेई कारणं सांगायची, आणि तीही तुंब्याची. पहिल्यांना म्हणाली, याला ओल्या लाकडाच्या धुराचा वास येतोय, तुमच्या घरात सरपण भरायची अक्कल नाही. दुसऱ्यांना म्हणाली, तुंबा उसना आणलाय, याच्यावरचा डाग मी बाजारात दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिलाय. तिसऱ्यांच्या तुंब्याकडे नुसती बघून तिनं जांभई दिली.

हे ऐकल्यावर सनेईच्या अंगात जे शिरलं ते शिरलं. ती बुद्राला म्हणाली, की बाबा, तू निवांत रहा, मी असा तुंबा करते की बुदेईला जांभई द्यायला तोंड उघडता येणार नाही.

त्या पावसाळ्यात तिनं मांडवावरचे बाकीचे भोपळे जवळजवळ वाऱ्यावर सोडले. एकच धरला. लांब, सरळ, बोटाएवढ्या मानेचा. त्या मानेला तिनं गाठ मारायला घेतली. खरी गाठ, दोराला मारतात तशी. रोज दुपारी ती मांडवाखाली जायची, आणि लछिम ओसरीवरून बघत बसायचा. अर्धी गाठ झाली तेव्हा गाव बघायला येऊ लागलं. पुरी झाली तेव्हा लंगड्या बैलाची सनेईसुद्धा आली, जी सहसा कशाचं कौतुक करत नसे. तिनं तुंब्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की यातून ओतायचं कसं?

सनेईनं तिच्याकडे असं बघितलं, की बिचारी तशीच घरी गेली.

पण प्रश्न मनात राहिला असावा. कारण आतला गर काढून झाल्यावर सनेईनं घराची कडी लावून त्यात पाणी भरलं आणि उलटं केलं. पाणी आलं. बारीक आलं, वळणावळणानं आलं, पण आलं. तिचा जीव भांड्यात पडला. पोटावर तिनं मोरांची रांग डागली, तोंडाला पानाची घट्ट गुंडाळी बसवली, आणि पौषातला एक चांगला दिवस ठरला.

मुलाच्या आईनं मागणीला जायचं नसतं. बाप जातो आणि एखादा बोलका नातेवाईक जातो. बोलके म्हणून मुदाकाका होतेच. ते झोपेतसुद्धा बोलत. पण तुंबा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर द्यायला सनेई तयार होईना. मुदाकाकांनी तिला रीत समजावली, पूर्वजांची आठवण दिली, लोक काय म्हणतील तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की मी मुलाची आई म्हणून येतच नाहीये, मी तुंब्याबरोबर येतेय. यावर मुदाकाकांनी काठी उचलली, आणि तिघं निघाली.

लछिमनं पहाटेच झाडावरून उतरवलेला ताजा रस त्यात भरला होता. भरायलाच इतका वेळ लागला, की सूर्य दोन हात वर आला. पुढं डोंगर उतरायचा, ओढा ओलांडायचा, दुसरा डोंगर चढायचा. थंडीचे दिवस असले तरी उतारावर ऊन चटकत होतं. असा रस वाटेत आंबत जातो, फुगतो. म्हणून माणसं अधूनमधून गुंडाळी सैल करून तुंब्याला श्वास घेऊ देतात. लहान मुलालाही हे ठाऊक. ओढ्यावर लछिमनं सहज हात पुढं केला.

"हात लावू नकोस," सनेई म्हणाली.

"अगं, जरा हवा तरी..."

"तुझ्या रोजच्या तुंब्याला हवा दे. याची गुंडाळी बुदेईच उघडेल. मीच उघडली, तर नवेपणा काय राहिला?"

लछिमनं मुदाकाकांकडे पाहिलं. मुदाकाकांनी आभाळाकडे पाहिलं. तिघं पुढं चालू लागली. दुसरा डोंगर चढताना तुंब्यातून बारीक सूं सूं असा आवाज येऊ लागला, तेव्हा सनेई कौतुकानं म्हणाली, की बघ, गातोय.

बुदेई दारातच केरंगचं कापड विणत बसली होती. आत सोमरी नाचणी कांडत होती. या तिघांची पावलं ऐकून मुसळाचा ठेका एकदा चुकला आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झाला. बुदेईनं मान वर केली नाही. कोण आलंय ते ओढा ओलांडतानाच तिला कळलं असणार. लछिमनं तुंबा खांबाला टांगला. तिघं अंगणात बसली. आता बोलायचं नव्हतं, आणि मुदाकाकांसाठी तेच सगळ्यात अवघड होतं. त्यांनी दोन्ही ओठ आत ओढून घेतले होते.

वेळ गेला. बुदेईनं दोन-तीन बोटं कापड विणलं. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा तुंब्याकडे पाहिलं. परत विणलं. परत पाहिलं. सनेई आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती, पण तिला त्यातली प्रत्येक नजर मोजून सांगता आली असती. शेवटी बुदेईनं विणकाम कमरेवरून सोडलं, हात झटकले आणि खांबाशी आली. शेजारपाजारच्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत बुदेई कुणाच्या तुंब्यासाठी उठलेली त्यांनी पाहिली नव्हती.

तिनं मोर पाहिले. गाठीवरून बोट फिरवलं, या वळणातून आत, त्या वळणातून बाहेर. "रिकामी कामं करायची खोड लहानपणापासूनच," ती पुटपुटली. पण बोट काही गाठीवरून निघेना. मग तिनं मान पुढं केली, आणि धुराचा वास येतो का ते बघायला नाक अगदी गुंडाळीपाशी नेलं.

फट्.

गुंडाळी छपराला लागली. पांढऱ्या फेसाची धार बुदेईच्या कपाळावर, नाकावर, तोंडावर, गळ्यातल्या कड्यांवर, मण्यांच्या माळांवर. तुंबा खांबावर गरगर फिरला आणि शेजारणींनाही थोडा थोडा प्रसाद मिळाला. आतलं मुसळ थांबलं. माळांवरून एकेक थेंब ठिबकू लागला.

बुदेई तशीच उभी होती, डोळे मिटून. आणि मग, माणसाच्या तोंडावर काही उडालं की जे होतं तेच झालं. तिची जीभ बाहेर आली, वरच्या ओठावरून एकदा फिरली आणि आत गेली.

"प्यायली," मुदाकाका म्हणाले. अंगणात बसल्यापासून कोंडून ठेवलेला तो पहिला शब्द होता.

बुदेईनं डोळे उघडले. "मी प्याले नाही. माझ्या तोंडावर फेकलंय."

"जीभ कुणाची होती?"

"जीभ माझी. घोट माझा नव्हता."

झालं. मुदाकाकांना एवढंच हवं होतं. पुढचं सगळं गावाच्या सिंदिबोरवर, त्या सभेच्या दगडी चौथऱ्यावर, जाऊन पोचलं. गावचा नायक म्हातारा, कानानं थोडा कमी. त्याला प्रकार दोनदा सांगावा लागला, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो जास्त हसला. मग गंभीर होऊन बसला, कारण गोष्ट गंभीरच होती. मुदाकाकांचं म्हणणं, की रीत घोटाचं माप सांगत नाही. आईच्या तोंडात गेलं की गेलं. बुदेईचं म्हणणं, की रीत सांगते आईनं तुंबा उतरवायचा. तुंबा अजून खांबालाच आहे. एक म्हातारी म्हणाली, की फेस म्हणजे रस नव्हे. दुसरी म्हणाली, की मग फेस कशाचा, ताकाचा? कुणीतरी विचारलं, की शेजारणींच्याही तोंडावर उडालाय, तर त्यांच्याही मुली द्यायच्या का? त्यावर एका शेजारणीनं तत्परतेनं सांगितलं, की तिला मुलगी नाही, पण एक म्हातारा दीर आहे, तो न्यायचा असेल तर न्या.

हसं संपल्यावर नायकानं बुदेईला हळूच विचारलं, की एवढी का अडून बसलीस? मुलगा वाईट आहे का?

 बुदेई माळांमधला फेस बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "मुलगा वाईट नाही. पहिलेही वाईट नव्हते. ती गेली की संध्याकाळी माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही, एवढंच आहे. तुंब्याला नावं ठेवणं सोपं पडतं."

  सोमरी मागं उभी होती. तिनं हातातली कडी वरखाली केली आणि नजर खाली घातली. लछिमनं मनाशी ठरवून टाकलं, की आता उठावं, तुंबा घ्यावा आणि चढण उतरून जावं. अशा बाईशी भांडून मुलगी नेण्यात अर्थ नाही.

आणि सनेई? सनेई इतका वेळ तिथं असून नसल्यासारखी होती. खांबावरचा तुंबा तिनं दुरूनच न्याहाळून घेतला होता. तडा गेलेला नव्हता, फुटलेला नव्हता, शेकोटीची दुश्मनी टळली होती. पण तिच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. गाठीच्या वळणात गर अडकून राहतो. तिनं पाणी बदललं होतं, पुन्हा पुन्हा बदललं होतं, पण त्या वळणात बोट जात नाही, काडी जात नाही. आत कडू राहिलं असेल तर? जे झालं ते झालं, मुलाचं नशीब त्याच्यापाशी. पण आपला तुंबा कडू निघाला, ही गोष्ट घेऊन तिला तो डोंगर चढवला नसता. ती उठली, माणसांतून वाट काढत बुदेईसमोर जाऊन बसली आणि काळजीनं म्हणाली,

"बुदेई, खरं सांग. कडू लागला का?"

बुदेईनंही तिच्या बरोबरीनं तुंबे कुजवले होते, एकाच ओढ्यात खळखळले होते. तुंब्याबद्दल विचारलं की खोटं बोलायची तिची तयारी नव्हती.

"छे गं," ती म्हणाली. "कडूपणा नावाला नाही. जरासा आंबट, आणि शेवटी गोड. आणि धुराचा वास असा, की... सनेई, तू मोहाचं लाकूड घातलंस ना चुलीत?"

"मोहाचंच," सनेई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "वाळलेलं, मागच्या वर्षीचं."

"वाटलंच मला."

 दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि बाकीचे सगळे त्या दोघींकडे. सनेईला काही कळलं नव्हतं. बुदेईला मात्र पळभरानं कळलं, की चव सांगणारी जीभ प्यायलेलीच असते. तिनं तोंडावर हात ठेवला. नायकानं कानामागं पंजा धरून शेजाऱ्याला विचारलं, की काय म्हणाली? शेजाऱ्यानं त्याच्या कानात सांगितलं, की शेवटी गोड म्हणाली. नायकाचं पोट हलू लागलं.

मुदाकाकांनी तोंड उघडलं होतं, पण लछिमनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. आता बोलायचं काम बुदेईचं होतं, तिलाच करू द्यायचं होतं.

बुदेई बराच वेळ सोमरीकडे बघत राहिली. मग तिला जवळ बोलावून तिनं तिचे हात हातात घेतले आणि कडी एकेक करून सरकवली, एका पितळी कड्यापाशी थांबली. "हे कधीचं?" तिनं विचारलं. सोमरीनं सांगितलं, की नाचणी पेरल्यापासूनचं. "आंधळीच झाले मी," बुदेई म्हणाली, आणि सनेईकडे वळली.

"पेरणी, राखणी, कापणी, तिन्ही वेळा ती माझ्या शेतावर यायची. तुझ्या पोराला घेऊन."

"येईल. आणि पोराला मी वळण लावलेलं आहे."

"ते दिसलंच मला," बुदेई म्हणाली. "आणि सणाला तू यायचंस. तुंबा न घेता."

"तुंब्याशिवाय कशी येऊ?"

"बरं, तुंबा घेऊन ये. पण त्याला श्वास घेऊ दे, बाई."

लछिमनं ओठ दाबून आभाळाकडे पाहिलं. या वेळी मुदाकाकांनी त्याच्याकडे पाहिलं.

बुदेई उठली, घरापाशी गेली आणि स्वतःच्या हातानं तुंबा खांबावरून उतरवून सिंदिबोरवर घेऊन आली. शब्द जायचाच आहे, ती म्हणाली, तर तो ओठावरच्या फेसावर कशाला जाऊ द्यायचा. रीतीनं जाऊ दे. सोमरीनं पानांचे दोणे लावले. पहिला बुदेईचा, मग नायकाचा, मग मुदाकाकांचा, आणि मागं अख्खं गाव आपापला दोणा धरून बसलं. बुदेईनं तुंबा उलटा केला.

थेंब नाही.

तिनं हलवला. गाठीतून बुळकन एक बुडबुडा आला, आणि बस. आत खळखळ ऐकू येत होती, पण फेस वळणात जाऊन बसला होता आणि तो कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता. सनेईनं तुंबा मांडीवर घेतला, बोटांनी पोटावर टकटक केलं, कान लावला. लंगड्या बैलाच्या सनेईचा प्रश्न तिला आठवला असेल, पण तिनं तो तोंडावर आणला नाही.

"फेस बसू दे," ती शांतपणे म्हणाली. "याला घाई चालत नाही."

तेव्हा कुणीतरी लाकडं आणून शेकोटी पेटवली. बुदेई सनेईच्या शेजारी टेकून बसली, आणि दोघी मधे तुंबा ठेवून जुन्या ओढ्यातल्या खेकड्यांच्या गोष्टी सांगू लागल्या. समोर गाव दोणे पुढं करून बसलं होतं. पहिला थेंब बुदेईच्या दोण्यात पडला तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. नायकानं वाकून तो पाहिला आणि विचारलं, की दुसरा कधी?